सहा वर्षांच्या मुलाला 'बीव्हर्स'ला घालावं का?

वाफाळता_चहा

मंडळी, जरा सल्ला हवाय.

आम्ही इंग्लंडात रेडिंगला असतो. लेक नुकताच सहाचा झाला. इथे सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी स्काउटिंगचा 'बीव्हर्स' म्हणून गट असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, तासभर. एका मैत्रिणीने भरीस घातलं म्हणून मागे कधीतरी यादीत नाव टाकलं होतं आणि विसरूनही गेले होते. परवा ईमेल आली की जागा झाली आहे, मंगळवारी पावणेसहाला हॉलवर या, काही आठवडे बघा, रमला तर गणवेश घ्या.

घरात लगेच दोन तट पडले. नवरा म्हणतो, थंडीच्या दिवसांत अंधार पडल्यावर हॉलमध्ये जाऊन खेळायचं, यात साहस ते कसलं? सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांना चर्चची भानगड वाटते आहे, कारण हॉल चर्चला लागून आहे आणि मुलांना कसलीशी शपथ देतात असं त्यांच्या कानावर आलंय. माझी काळजी वेगळीच आहे. पोरगं बुजरं आहे. वाढदिवसाला गेलं तरी केक कापेपर्यंत माझ्या ओढणीला धरून उभं असतं. शिवाय शनिवारी पोहणं, रविवारी मराठी शाळा. आठवड्याचं टाइमटेबल माझ्या ऑफिसपेक्षा गच्च झालंय.

आणि ईमेलच्या तळाशी एक ओळ: 'पालकांनी अधूनमधून मदतीला थांबावं अशी अपेक्षा आहे.' ही अधूनमधून म्हणजे किती, ते कुणी सांगेल का?

झब्बू

पाठवा. पुढचा प्रश्न.

लीड्सचा_पाऊस

माझी दोन्ही मुलं यातून गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी रचना. चार ते सहा वयाला स्क्विरल्स (हे अलीकडचं, २०२१ पासून), सहा ते आठ बीव्हर्स, मग साडेदहापर्यंत कब्ज आणि पुढे चौदापर्यंत स्काउट्स. बीव्हर्स उत्तर आयर्लंडात १९६० च्या दशकात सुरू झालं आणि १९८६ मध्ये यूकेभर अधिकृत झालं. मुलगे-मुली एकत्र. अंगात फिरोजी रंगाचा स्वेटशर्ट, गळ्यात स्कार्फ. स्कार्फचे रंग गटागटाप्रमाणे वेगळे. सगळ्या मुलांच्या मिळून गटाला 'कॉलनी' आणि त्यातल्या छोट्या टोळ्यांना 'लॉज' म्हणतात, बीव्हर या प्राण्याच्या घराला म्हणतात तसंच.

शपथेबद्दल आजींना सांगा, बीव्हरची शपथ एका वाक्याची आहे: मी जमेल तितकं चांगलं वागेन, प्रेमळ आणि मदतीला तत्पर राहीन, देवावर प्रेम करीन. कुठला देव ते कुणी विचारत नाही. देव मानत नसाल तर २०१४ पासून त्या जागी वेगळे शब्द घ्यायची सोय आहे. आमच्या धाकट्याने गणपती धरून शपथ घेतली. लीडरबाईंनी 'हा हत्तीवाला ना?' एवढंच विचारलं.

हॉल चर्चचा असणं ही बहुतेक वेळा भाड्याची गोष्ट. गावात तेवढा मोठा आणि परवडणारा हॉल दुसरा नसतो.

रानजाई

साहस ते कसलं, असं विचारणाऱ्या तुमच्या यजमानांसाठी लिहिते. मी स्लाउजवळ एका कॉलनीत दर गुरुवारी मदतीला जाते.

मागच्या महिन्यात आम्ही मुलांना काडेपेटी ओढायला शिकवली. हसू नका. सहा वर्षांच्या मुलाने स्वतः काडी ओढणं म्हणजे काय ते बघायला हवं. केस बांधायचे, स्कार्फ काढून ठेवायचा, एक गुडघा जमिनीवर टेकायचा, पुढ्यात वाळूचा ट्रे आणि बाजूला पाण्याची बादली. काडी अंगापासून लांब ओढायची. काडी पेटली की निम्मी मुलं घाबरून ती लगेच सोडून देतात, म्हणून तर वाळू. एक मुलगी काही केल्या ओढेना. पेटी हातात धरून नुसती बघत बसली होती. बाकीची मुलं मेणबत्ती लावून मोकळी झाली. ही आपली बसूनच. कुणी तिला घाई केली नाही. शेवटी तिने ओढली, पेटली, तिने मेणबत्ती लावली आणि इतक्या जोरात फुंकर मारली की शेजारच्याचीही विझली. त्यावरून भांडण. तो आठवडा वसूल.

एरवी म्हणाल तर बॅटऱ्या घेऊन अंधारात चालणं, नकाशावर आपली गल्ली शोधणं, दोरीची गाठ, वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणणं, पावसात शेकोटी. यादीत फार थोर काही नाही. पण घरी यातलं आपण काय करू देतो?

चिंचेचा_कोळ

रानजाई, तुमचं वाचून मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला काडेपेटी दिली. आता ती रोज देवापुढे दिवा लावायचा हट्ट धरते. निरांजनापेक्षा काड्यांचा खर्च जास्त.

माणदेशी_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तुम्ही सगळे इंग्लंडचं सांगता आहात, पण हे आपल्याकडेही आहे बरं का. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये पाच ते दहा वयाला मुलांचे कब आणि मुलींचे बुलबुल. त्याहून लहानांना बनी. कबचे प्रथम चरण, द्वितीय चरण असे टप्पे असतात. बुलबुलचे कोमलपंख, रजतपंख, सुवर्णपंख, हीरकपंख. मुलींचे बिल्ले नावातच जिंकतात.

आमच्या पथकाचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे खरी कमाई. मुलांनी स्वतः काहीतरी काम करून चार पैसे मिळवायचे. आमची पोरं आठवडी बाजारात ताक विकायला बसतात. पहिल्या वर्षी एकाने घरून आणलेलं सगळं ताक स्वतःच पिऊन टाकलं आणि हिशेबाच्या वहीत प्रामाणिकपणे 'विक्री शून्य' लिहिलं. त्याला मी पूर्ण गुण दिले.

अडचण एकच. हे सगळं शिक्षकाच्या उत्साहावर चालतं. शिक्षक बदलून गेला की पथक कागदावर उरतं. स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) कपाटात, शिट्टी ड्रॉवरमध्ये.

पेठेतला

आमच्या वाड्यात साहस, मैत्री आणि क्लब तिन्ही रोज आणि फुकट होतं. बिल्ले मात्र गुडघ्यावर मिळायचे.

कडूलिंब

सगळे गोड गोड लिहितायत, म्हणून मी येतो.

ज्या माणसाने हे सुरू केलं तो बेडन-पॉवेल साम्राज्याचा अधिकारी. बोअर युद्धातल्या मेफकिंगच्या वेढ्यामुळे प्रसिद्ध झाला, १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेतलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. २०२० मध्ये इंग्लंडातल्या पूल नावाच्या गावच्या बंदरावरच्या त्याच्या पुतळ्याला फळ्या ठोकून झाकायची वेळ आली होती, ते उगीच नाही. आणि आपण आपली पोरं हौसेने त्याच्या गणवेशात घालायची? बीव्हर्सच्या शपथेत राजा नाही हे खरं, पण कब्जमध्ये गेलात की 'देवाप्रति आणि राजाप्रति कर्तव्य' येतं, ते लीड्सकरांनी सोयीस्कर गाळलं. नोव्हेंबरात युद्धस्मृतिदिनाची परेड, एप्रिलात सेंट जॉर्जची परेड.

इंग्लंडातच पर्याय हवा असेल तर वुडक्राफ्ट फोक बघा. १९२५ पासूनची संघटना आहे, सहकार आणि शांतता या विचारांची. सहा ते नऊ वयाचा गट आहे त्यांच्याकडे. शेकोटी तीच, राजा नाही.

लीड्सचा_पाऊस

गाळलं नाही हो, विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर दिलं. परेडला जायची सक्ती नसते. आमचा मोठा एका वर्षी गेला, थंडीने कुडकुडला, पुढच्या वर्षी 'नको' म्हणाला. कुणी काही बोललं नाही.

वुडक्राफ्ट फोक चांगलंच आहे, पण सगळ्या गावांत गट नसतात. मूळ पोस्टवाल्या बाईंना रेडिंगमध्ये मिळाला तर जरूर बघावं.

नागपुरी_संत्रं

कडूलिंबराव, इतिहास काढलाच आहे तर अर्धा का? भारतात १९०९ मध्ये बेंगळुरूला पहिलं पथक निघालं तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. देशी मुलांना दार बंद. मग आपल्या लोकांनी परवानगीची वाट बघितली नाही. मद्रासला ॲनी बेझंट, उत्तरेत मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी, आणि आमच्या मध्य प्रांतात नागपूरचे विवियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. यांनी देशी मुलांची पथकं उभी केली. स्वातंत्र्यानंतर स्काउटांच्या मुख्य संघटना एक होऊन ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स झाली. तेव्हा ही वस्तू साहेबाची राहिलेली नाही. क्रिकेट परत केलंत का?

आणखी एक. कब्जचा सगळा खेळ किपलिंगच्या लांडग्यांच्या टोळीवर बेतलेला आहे, म्हणून लीडरला 'अकेला' म्हणतात. ते जंगल कुठलं? शिवनीचं. नागपूरहून जबलपूरला निघालात की वाटेत लागतं. इंग्लंडातली पोरं दर आठवड्याला आमच्या शेजारच्या जंगलाचं नाटक करतात आणि आम्ही तिथून जाताना ढाब्यावर चहा पिऊन पुढे जातो.

कडूलिंब

क्रिकेट मी बघतही नाही. पण विवियन बोस यांचं माहीत नव्हतं, ते वाचतो.

माझा मुद्दा मुलांनी मैदानात जाऊ नये असा नाहीच. मी सेवा दलाच्या शाखेत वाढलोय. संध्याकाळी मैदानावर खेळ, गाणी, गोष्ट. ना फी, ना बिल्ला. आईला 'शाखेत जातो' एवढं सांगितलं की पुरे. पाठोपाठ यादी, ईमेल, फॉर्म असं काही नव्हतं.

हळदीकुंकू

शाखा म्हटलं की आता दोन्हीकडचे शाखावाले येणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसते.

संपादक

कुणीही येणार नाही. धागा लहान मुलांचा आहे, मोठ्यांनी लहान मुलांसारखं वागू नये.

न्यूजर्सी_टर्नपाइक

अमेरिकेची बाजू. इथे कब स्काउट्स अगदी बालवाडीपासून, मुली २०१८ पासून. मूळ संघटनेचं नाव २०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका'. मुलांच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे पाइनवुड डर्बी. लाकडाचा ठोकळा, चार चाकं, त्यातून गाडी करायची आणि उतारावरून सोडायची. १९५३ पासून चालू आहे. कागदावर ही मुलांची स्पर्धा असते. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये रात्री अकराला शिश्याचं वजन ग्रॅममध्ये तोलत कोण बसतं, ते आमच्या हिला विचारा.

पण एक गंभीर गोष्ट, जी वर कुणी काढली नाही. इथल्या संघटनेवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे इतके दावे झाले की २०२० मध्ये तिला दिवाळखोरीत जावं लागलं. जुनी प्रकरणं बहुतेक, पण विश्वास उडायचा तो उडाला. त्यामुळे कुठल्याही देशात असा, क्लब कितीही गोड असो, आधी विचारा की मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधी असतो का? उत्तर 'कधीच नाही' हेच हवं, आणि ते चटकन यायला हवं. विचार करून आलं तर निघून या.

रानजाई

टर्नपाइक, बरं झालं काढलंत. यूकेत थांबणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसी नोंदींची तपासणी होते आणि प्रशिक्षण घ्यावं लागतं. एक पिवळं कार्ड असतं, त्यावर नियम छापलेले: मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, काही कानावर आलं तर कुणाला सांगायचं, वगैरे. बाहेर नेताना बीव्हर्सना सहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि प्रमुख त्याशिवाय. म्हणूनच ईमेलमधली ती शेवटची ओळ. एक पालक कमी पडला की त्या दिवशीची टेकडी रद्द आणि हॉलमध्ये रंगकाम. आपण घरी म्हणतो, 'काय हो, नुसती चित्रंच काढतात.' माणसं नसतात म्हणून काढतात!

प्रतीक्षायादीसुद्धा त्यामुळेच. मुलं भरपूर, हॉल आहे, थांबायला कुणी नाही.

टेकडीवाली

पुण्यातून. आमच्याकडे ना बीव्हर्स ना बुलबुल, मुलीच्या शाळेत नावाला स्काउट-गाईड आहे पण मोठ्या वर्गांना, तेही श्रेणी मिळते म्हणून. 'किड्स ॲडव्हेंचर कॅम्प' भरपूर आहेत, म्हणजे गाडीत बसवून मुळशीला न्यायचं, हार्नेस बांधून दोरीवरून सोडायचं, फोटो काढायचा, पावभाजी खिलवून परत. मुलगी दोन दिवस फोटो दाखवत फिरली. बरोबरच्या एकाही मुलाचं नाव तिला सांगता आलं नाही.

मग आम्ही चार घरांनी मिळून दर शनिवारी सकाळी वेताळ टेकडी ठरवली. वय पाच ते आठ. आळीपाळीने दोन मोठी माणसं. नियम असा की मोठ्यांनी कार्यक्रम आखायचा नाही, वाट फक्त सुरक्षित ठेवायची. खाणीच्या कडेला जायचं नाही, ही एकच सक्त ताकीद. बाकी मुलं ठरवतात. एकदा पूर्ण सकाळ ग्लिरिसिडियाच्या वाळक्या फांद्यांचं घर बांधण्यात गेली. पुढच्या शनिवारी ते कुणीतरी मोडलेलं होतं, त्यावर अर्धा तास शोकसभा, मग दुसरं बांधलं. मोर ऐकू येतात, कधी दिसतात. मोबाइल फक्त एका मोठ्याकडे.

खर्च शून्य. पण दर आठवडा सांभाळणं महाकठीण. लग्न, क्लास, परीक्षा, पाहुणे. एक शनिवार चुकला तर दुसरा चुकतो आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते सुप्रभात येतात. आम्ही एकच ठरवलं की चारपैकी एकच घर आलं तरी जायचं. त्यावर टिकलंय.

माणदेशी_मास्तर

टेकडीवाली ताई, 'एकच घर आलं तरी जायचं' हे आमच्या केंद्रप्रमुखांना पाठवू का?

पेठेतला

दर शनिवारी नियमाने, वेळेवर, आणि पुण्यात? सुप्रभातवाला ग्रुप जास्त खरा वाटतो.

वाफाळता_चहा

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल पहिला मंगळवार झाला, म्हणून वृत्तांत.

दारातच पाय रोवले. मी म्हटलं, थांबते. लीडरबाई, साठीच्या असतील, त्यांनी त्याला 'ये ये' वगैरे काही केलं नाही. हातात शिट्टी दिली आणि म्हणाल्या, 'बरोबर सहा वाजता कुणीतरी ही वाजवायला हवी, मला घड्याळ नीट दिसत नाही.' पोरगं भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसलं. पाच मिनिटं मला विसरलं. सहाला शिट्टी अशी काही वाजवली की मी कानावर हात ठेवले. मग खेळात गेलं, मग परत माझ्याकडे, परत खेळात. डाव्या हाताने हस्तांदोलन करायचं असतं ते त्याला फार आवडलंय, घरी आल्यावर आजीशी पाच वेळा केलं. आजींनी देवाचा प्रश्न अजून काढलेला नाही, पण 'डाव्या हाताने?' असं मात्र विचारलं.

नवरा पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे. ('बघतो तरी' असं म्हणून.)

आता नवा प्रश्न. पुढच्या महिन्यात शेकोटी आहे आणि मार्शमेलो भाजणार आहेत. आम्ही शाकाहारी. त्यात जिलेटीन असतं ना?

हळदीकुंकू

असतं. गाईचं नाहीतर डुकराचं. शाकाहारी मार्शमेलो मिळतात, मोठ्या सुपरमार्केटात बघा, पाकिटावर 'व्हीगन' लिहिलेलं. एक पाकीट लीडरकडे आधीच देऊन ठेवा. मुलाला वेगळं बसवू नका, तेच पाकीट सगळ्यांत वाटायला सांगा. आम्ही तसं केलं, एक मुसलमान आणि एक ज्यू आई येऊन 'थँक्यू' म्हणून गेल्या. तोवर त्यांची मुलं दर वेळी नुसतं बिस्किट खात होती.

चिंचेचा_कोळ

व्हीगनवाले विस्तवावर वेगळे वागतात, लक्ष ठेवा. काही जागच्या जागी वितळून खाली पडतात. काठीवर जाड बाजूने घालायचे आणि ज्वाळेत नाही, निखाऱ्यावर धरायचे.

नागपुरी_संत्रं

वांगं भाजा हो. मुलांना भरीत तरी कळेल.

गावदेवी

मला मुलगी आहे, पाच वर्षांची, बर्मिंगहॅममध्ये. तिच्यासाठी स्क्विरल्स बघू की गर्लगायडिंगच्या रेनबोज? तिथे फक्त मुली असतात. नवऱ्याचं म्हणणं मुलामुलींत वाढू दे. मला वाटतं एक जागा तरी अशी असावी जिथे मुलगे मधे घुसून सगळं उरकून टाकणार नाहीत.

रानजाई

दोन्ही बघा आणि जिथली बाई आवडेल तिथे घाला. खरंच सांगते, या वयाला संघटनेपेक्षा ती एक बाई (किंवा बुवा) महत्त्वाची. आमच्याकडच्या काडेपेटीच्या दिवशी मुलगे पटापट ओढत होते हे मी वर लिहिलं नाही, पण तुम्ही म्हणता ते मी रोज बघते. काही लीडर ते हेरून मुलींना आधी पाळी देतात, काही नाही देत.

गावदेवी

मग ती बाई आधी बघते. धन्यवाद.

न्यूजर्सी_टर्नपाइक

इथे मुलींच्या संघटनेत गेलात तर बिस्किटं विकावी लागतात. म्हणजे तुम्हाला. ऑफिसात. लिफ्टमध्ये गाठून.

माणदेशी_मास्तर

ती खरी कमाई. ताकाचं दुकान लावा म्हणावं.

लीड्सचा_पाऊस

मूळ प्रश्नातला एक भाग अजून राहिलाय: 'अधूनमधून म्हणजे किती'. आमच्याकडे पाळी लावलेली होती, टर्ममधून दोनदा. कागदावर. पण जी माणसं थांबायला लागतात त्यांना थांबावंसं वाटतं, आणि दोनाची सहा कधी होतात कळत नाही. माझी बायको आता सहायक लीडर आहे. मुलं केव्हाच स्काउट्समध्ये गेली, ही अजून बीव्हर्समध्येच. म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी 'मला दोरीच्या गाठी येतात' असं चुकूनही बोलू नका.

वाफाळता_चहा

उशीर झाला! नवरा गेला होता ना परवा. तंबूचा खांब अडकला होता तो याने सोडवून दिला. लीडरबाईंनी लगेच विचारलं, तुम्ही ट्रेकिंग करायचात का? हा म्हणाला, हो, राजगड-तोरणा वगैरे. बस. पुढच्या टर्मला दिवाळीच्या सुमाराचे दोन मंगळवार आमच्याकडे आले आहेत, 'तुमच्याकडचं काहीतरी घ्या' म्हणून. मी पणत्या रंगवू म्हणाले, तर हा म्हणतो, पणत्या सगळेच रंगवतात, किल्ला करू.

चोवीस मुलं, दोन तास (मध्ये एक आठवडा), इंग्लंडातला ओला चिखल. सांगा आता.

कडूलिंब

शाब्बास. आता मी मदत करतो.

टेकडीवाली

चोवीस मुलांचा एक किल्ला करू नका, सहा मारामाऱ्या होतील. टोळीला एक, असे चार छोटे करा. जुन्या बेकिंग ट्रेमध्ये विटांचे तुकडे किंवा उलटे डबे, त्यावर गोणपाट, वरून चिखल. माती फार ओली असेल तर वाळू मिसळा.

हळदीकुंकू

आणि दोन मंगळवार मिळालेत तर वर अळीव पेरा! तिकडे ते 'क्रेस' म्हणून मुलं शाळेत कापसावर लावतातच, तेच बी. पहिल्या मंगळवारी किल्ला आणि पेरणी, पुढच्या मंगळवारी हिरवागार. हॉलच्या खिडकीत ठेवा, मधे एकदा कुणीतरी पाणी मारायला हवं.

लीड्सचा_पाऊस

ते कुणीतरी म्हणजे तुम्ही, वाफाळता_चहा. सांगितलं नव्हतं?

पेठेतला

मावळे कुठून आणणार? आणि महाराज? रेडिंगात सिंहासनाधिष्ठित मूर्ती मिळेल असं वाटत नाही.

वाफाळता_चहा

लेक म्हणतो, लेगोचा नाइट बसवू.

नागपुरी_संत्रं

अजिबात नाही.

कडूलिंब

अजिबात नाही. (नागपूरकरांशी पहिल्यांदाच सहमत.)

चिंचेचा_कोळ

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, १९३२ पासूनचं मंडळ आहे, शिवजयंतीची एखादी मूर्ती कपाटात असेलच. मावळे मुलांना करू दे मातीचे. पाइप क्लीनरचे भाले.

रानजाई

भाल्यांचं आधी लीडरला विचारा. पाइप क्लीनरची टोकं टोचतात, आमच्याकडे जोखीम-तक्त्यात ती नोंद आहे.

झब्बू

साहस.

संपादक

'परदेशातला दिवाळीचा किल्ला' असा वेगळा धागा काढावा, ही विनंती. इथले भाले तिकडे हलवतो आहे.